दत्तक गेलेलं रक्त

वसंता,

तुझं सुतक मी दहा दिवस धरलं. गुरुजींनी सांगितलं होतं की लग्न झालेल्या बहिणीला चुलत भावाचं सुतक म्हणजे नुसती अंघोळ. मी बरं म्हटलं. मलकपेठला घरी आले, अंघोळ केली आणि देवघराची कडी लावली, ती सुतक फिटेपर्यंत उघडली नाही. तू असतास तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतंस, "ताई, हे कुठल्या आधारावर?" जन्मभर तू मला हाच प्रश्न विचारलास. आज माझ्याकडे उत्तर आहे आणि ऐकायला तू नाहीस, याचा मला राग येतो. रडू येतं, पण राग त्याहून जास्त येतो, हे आधीच सांगून टाकते.

तेराव्याला कोर्टातली माणसं आली होती. तुझ्या उलटतपासणीबद्दल, तुझ्या उर्दू शेरांबद्दल, तुझ्या वक्तशीरपणाबद्दल चांगलं बोलली. ते सगळं खरंच आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर तू येतोस तो जरीची टोपी घातलेला, श्रीखंडाने हात बरबटलेला, सहा वर्षांचा.

मी दहाची होते. आपला धाकटा सुधीर तेव्हा पाळण्यात होता. तो जन्मला म्हणूनच तुझा नंबर लागला, कारण एकुलता एक मुलगा दत्तक देता येत नाही, आणि मोठ्या काकांना मूल नव्हतं. काचीगुड्याच्या घरून आपण सगळे रिक्षांतून नल्लकुंट्याला मोठ्या काकांकडे गेलो. होम झाला. आईने तुला आपल्या मांडीवरून उचललं आणि मोठ्या काकूच्या मांडीवर ठेवलं. तुला तो खेळच वाटला असावा, कारण तू टोपीची जर उचकटत मजेत बसला होतास. जेवणं झाल्यावर तू नेहमीसारखा "आई, आई" करत आईच्या पदराशी आलास. तिने तुझे हात धुतले, पदराला पुसले, तुझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आई तिकडे बसली आहे. मी काकू." तू हसलास. तिने परत सांगितलं. मग म्हणाली, "म्हण बघू." तू म्हणालास. "परत म्हण." तू परत म्हणालास, "काकू." तिने तुझ्या गालाला हात लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर तू एकदाही चुकला नाहीस. पोरं चुकतात रे, झोपेत, तापात, पडल्यावर. तू चुकला नाहीस. काचीगुड्याला यायचास ते पाहुण्यासारखा, बाहेरच्या खोलीत बसायचास, "काकू, पाणी द्या" म्हणायचास. आईला 'अगं' म्हणणारा मुलगा तिला अहोजाहो करायला लागला. मोठ्या काकूने तर घरात दत्तक हा शब्द काढायलाच मनाई केली होती, आणि ती गेल्यावरही तू ती मनाई उठवली नाहीस. ज्यांना ठाऊक होतं ती माणसं एकेक करून गेली. तुझ्या मुलांना मी आत्या. चुलत असो की सख्खी, आत्या ती आत्याच, त्यामुळे त्यांना कधी विचारावंसंही वाटलं नाही. भाऊबीजेला मी तुला ओवाळायची आणि तू दर वर्षी न चुकता तीच थट्टा करायचास, की ताई शाळेत मुलांना ओवाळत नाही हे नशीब, नाहीतर आरतीच्या ताटातसुद्धा छडी ठेवली असती. मास्तरीण म्हणून मी कडक होते, हे कबूल. पण आपल्या दोघांत कोण जास्त कडक होतं, ते तुझं तूच ठरव.

आई आजारी पडली तेव्हा हैदराबादेत नुकतीच केबल आली होती. काचीगुड्याच्या गल्लीत गच्चीगच्चीवर वायरी लोंबत होत्या आणि आईच्या खोलीत शेजारच्या घरातल्या परदेशी चॅनेलचा आवाज यायचा. तिचं आतड्याचं ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं सुरू झाली. औषध मुंबईहून कुणाबरोबर तरी मागवावं लागलं होतं. पहिलंच चक्र संपलं आणि तिच्या तोंडाचं आतून सोलपटासारखं झालं. घोटभर पाणी गिळवेना. जुलाब थांबेनात, मग ताप आला, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी उरल्याच नाहीत असं डॉक्टर म्हणाले. दुसरं चक्र आलंच नाही. सगळे म्हणाले, रोगाने नेलं. मीही तेच म्हणाले. तोवर कुणाला दुसरं काही सुचलं नव्हतं.

त्या दिवसांत तू रोज कोर्टातून थेट यायचास. येताना नल्लकुंट्याच्या फ्रिजमधला बर्फ थर्मासमध्ये घालून आणायचास. रुमालात बांधून तो फोडायचास आणि छोटा तुकडा चमच्याने तिच्या जिभेवर ठेवायचास. "काकू, गिळू नका, नुसता धरून ठेवा," असं म्हणायचास. तेवढाच वेळ तिचा चेहरा सैल व्हायचा. मी तिची मुलगी, रात्रंदिवस तिथे असलेली, पण बर्फाची युक्ती मला सुचली नव्हती. ती गेल्यावर अग्नी सुधीरने दिला आणि तू स्मशानात मागच्या रांगेत पुतण्यांच्या जागी उभा राहिलास. पाण्याचा घडा फुटला तेव्हा तू चपला शोधत होतास. मी नंतर सुधीरला म्हटलंसुद्धा, की इतका कोरडा कसा असू शकतो माणूस. तेव्हाचा माझा राग खरा होता. आता तो कुठे ठेवू ते कळत नाही.

मग तुझी पाळी आली. मधल्या वर्षांत हैदराबाद ओळखू येईनासं झालं होतं. उड्डाणपूल झाले, काचेच्या इमारती उठल्या, प्रत्येक गल्लीत कॉम्प्युटरचा क्लास निघाला. तुझी लेक अपर्णा त्यातूनच नोकरीला लागली. आईच्या वेळचं मुंबईचं औषध तुझ्या वेळी हॉस्पिटलच्या खालच्या दुकानात सहज मिळालं. तुझंही आतड्याचंच. ऑपरेशनचं मला कळवलंस, पुढच्या इंजेक्शनांचं कळवलं नाहीस. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला हा आजार होता का. तुझ्या बायकोने, शैलाने, मला नंतर सांगितलं की तू अगदी साक्ष दिल्यासारखं उत्तर दिलंस, की वडील दम्याने गेले, आई झोपेत गेली, आमच्या घराण्यात हा आजार कुणालाच नाही. आणि ते तू लपवालपवी म्हणून बोलला नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. तुझ्या लेखी ते शंभर टक्के खरं होतं. दत्तक गेलास ते तू इतकं मनापासून गेलास की शरीरसुद्धा बरोबर नेलं, असं तुला वाटत होतं.

मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा तू उशीला टेकून बसला होतास. ओठ सुजलेले, तोंड उघडवत नव्हतं. शैला ताटकळून रडवेली झाली होती, म्हणत होती की इतका त्रास कुणालाच होत नाही म्हणतात, यांनाच कसा झाला. तू मला बघितलंस आणि हाताने खूण केलीस. ओठ जेमतेम हलवत म्हणालास, "बर्फ." कुणी तुला सांगितलं नव्हतं. नर्सने नाही, शैलाने नाही. तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला आईचं तोंड दिसत होतं. खाली जाऊन इराणी हॉटेलातून मी बर्फ आणला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, विजयवाड्याकडच्या, आपल्याशी हैदराबादी हिंदीत बोलायच्या. त्या गोंधळल्या होत्या. डोस नेहमीचाच होता, वजन बघून दिलेला होता, यात असं व्हायला नको होतं, असं म्हणत होत्या. मग त्यांनी पुन्हा विचारलं की घरात कुणाला हे औषध पूर्वी दिलं होतं का. तू मान हलवलीस, नाही. आणि मी बोलले.

"हौ. इनकी माँ को. यहीच हुआ था, ऐसाच मुँह."

तू डोळे उघडलेस. त्या फोडांनी भरलेल्या तोंडातून तू काय म्हणालास, ते माझ्या कानातून जात नाही. "चाची थे वो." डॉक्टरीणबाई तुझ्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. त्यांनी विचारलं, सगी माँ कौन? मी म्हटलं, "जनम दिए सो माँ. मैं भी उनीच की बेटी." शैला खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी भर कोर्टात तुझ्या विरुद्ध साक्ष दिली आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन समजावलं. हे औषध काम करून झालं की ते मोडून बाहेर टाकायचं एक एन्झाइम शरीरात असतं. बहुतेकांच्यात ते पुरेसं असतं. काहींच्यात जन्मतःच कमी असतं, ते आईबापांकडून येतं. तशा माणसाला इतरांचा साधा डोसही विषासारखा होतो, औषध अंगातच साचून राहतं. त्याची तपासणी इथे होत नाही, खात्रीने मी सांगू शकत नाही, पण आईला असंच झालं असेल तर हे औषध मी यांना पुन्हा लावणार नाही, असं त्या म्हणाल्या. आणखी म्हणाल्या की यांच्या मुलांना हे ठाऊक असायला हवं, तुम्हालाही, तुमच्या मुलांनाही. मी त्याच दिवशी पुण्याला सुधीरला फोन केला. आई रोगाने गेली नाही बहुतेक, असं त्याला सांगितलं. इतकी वर्षं आपण एका चुकीच्या गोष्टीसाठी रडत होतो.

तू वाचलास. हळूहळू तोंड भरून आलं, पेशी वाढल्या, घरी आलास. औषध बदललं. नवं औषध तुला सोसलं. माझ्याशी मात्र तू बोलत नव्हतास. मी नल्लकुंट्याला यायची, शैला चहा द्यायची, तू व्हरांड्यात कायद्याची जुनी पुस्तकं मांडीवर घेऊन बसायचास. एकदा तूच विषय काढलास. म्हणालास की दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघराशी संबंध संपतो, हे शास्त्रही सांगतं आणि कायदाही सांगतो. मी म्हटलं, मग तुझ्या लग्नाच्या वेळी आईच्या माहेरची ती सोलापूरची मुलगी का नाकारली? रक्ताचं नातं लागतं म्हणूनच ना? तू म्हणालास, कायदा तेवढ्यापुरतं रक्त मानतो, फक्त लग्नापुरतं. मी म्हटलं, मग जा आणि कायद्याला सांग, की लग्नाला रक्त चालतं तर औषधालाही चालू दे.

तू हसलास. कितीतरी दिवसांनी हसलास. मला वाटलं जिंकले. मग पुस्तक मिटून शांतपणे म्हणालास, "ताई, मला कुणी सांगितलं होतं काकू म्हणायला? तिनेच ना? मग मी तिचं ऐकू की तुझं?"

इतकी वर्षं मी तुला कोरडा समजत होते आणि तू नुसता आज्ञेत होतास. वर्गात मी अशा मुलांची किती उदाहरणं दिली असतील, आणि माझ्याच घरातला तसा मुलगा मला ओळखता आला नाही. उठताना मी एवढंच म्हटलं की अपर्णाला तरी सांग, ती परदेशी जायचं म्हणते आहे, तिथे कुणी विचारेल तेव्हा ती काय सांगणार? तू म्हणालास, "बघू." वकिलाचं बघू म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. मी पुन्हा दोनदा विचारलं, दोन्ही वेळा बघू. तिला मी परस्पर सांगितलं असतं, पण शैलाने माझे हात धरले. म्हणाली, ताई, हे त्यांच्या तोंडून येऊ दे, नाहीतर ते खचतील. म्हणून मी थांबले, आणि थांबताना रोज तुझ्यावर चिडत होते. तुझ्या घराण्याच्या अब्रूपायी पोरीच्या जिवाशी खेळतोस, असं मनात हजारदा म्हणाले असेन.

नव्या औषधावर तुला जवळजवळ दीड वर्ष मिळालं, ते मात्र मी कुणाला परत देणार नाही. तू पुन्हा काळा कोट घातलास, थोडे दिवस का होईना. रविवारी ऑटो करून मलकपेठला यायचास, इराणी बिस्किटांचा पुडा घेऊन. पाव भिजवल्यासारखी ती चहात बुडवून खायचास आणि अर्धी कपात पाडायचास. रेसकोर्सवरून घोड्यांचा वास आला की नाक मुरडायचास. माझ्या बैठकीत आईचा फोटो आहे. त्याच्याकडे पाठ होईल ती खुर्ची तू आयुष्यभर धरलीस. शेवटचा आलास तेव्हा चालताना धापा टाकत होतास. खुर्ची धरलीस, थोडा थांबलास आणि ती फिरवून बसलास. मी चहा ठेवायला आत गेले आणि उगीचच बराच वेळ आत थांबले.

तेव्हा सांगायला हवं होतं असं एक माझ्याकडे राहून गेलं. त्या दत्तकाच्या दिवशी आई तुझ्या गालाला हात लावून आत गेली, तेव्हा मी तिच्यामागे गेले होते. ती चुलीपाशी खिडकीचा गज धरून उभी होती आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मला बघून तिने हात जोडले. मुलीला हात जोडणारी आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. कधी सांगू नकोस म्हणाली. मी सांगितलं नाही, ती होती तोवर नाही आणि नंतरही नाही. तिने तुला दिलं ते तिला हवं होतं म्हणून दिलं नाही रे. तू तिचं ऐकलंस, मी तिचं ऐकलं, आणि आपण दोघं समोरासमोर बसून बिस्किटं खात राहिलो.

रोग परत आला, यकृतात पसरला, आणि या वेळी कुणाकडेच औषध नव्हतं. ते तुला झेपलं नाही असं म्हणायची सोयही उरली नाही. तू गेलास तेव्हा मी तुझ्या पायाशी होते. तू शैलाकडे बघत होतास. मी वाट पाहत होते, की काही म्हणशील, एक शब्द. तू काही म्हणाला नाहीस. मला वाटलं, हा हट्ट घेऊनच गेला.

तेरावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अपर्णा आली. स्कूटर बाहेर लावली, हेल्मेट मांडीवर घेऊन बसली. तिचा व्हिसा झालाय, पुढच्या महिन्यात जायचंय. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आत्या, मला एक क्लिअर करायचं होतं. बाबा शेवटी शेवटी मला बोलले, ते पहिलं इंजेक्शन माझ्या आईला पण सोसलं नव्हतं, डॉक्टरला सांगून ठेव, बाकी आत्याला विचार. पण आज्जी तर झोपेत गेली ना? तिला कधी कॅन्सर झालाच नव्हता. मम्मीला विचारलं तर ती रडते नुसती. बाबा बरळत होते का?"

मी विचारलं, शुद्धीत होता का? म्हणाली, फुल शुद्धीत, त्याच्या आधी माझ्याकडून पेपर वाचून घेतला, माझे उच्चार सुधारले.

वसंता, तू म्हणालास. माझ्या आईला, असं म्हणालास. माझ्यासमोर नाही, शैलासमोर नाही, तिच्या फोटोसमोरही नाही, पण पोरीच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा म्हणालास. तू घराण्याच्या अब्रूला धरून बसलास असं मी समजत होते. तू बहुतेक नुसता शब्द जमवत होतास. तो शब्द तू सहा वर्षांचा असताना तुझ्या तोंडातून काढून घेतला होता, परत आणायला वेळ लागणारच. आणि उरलेलं मला सांगायला ठेवलंस. एवढा मोठा खटला लढून शेवटचं भाषण या मास्तरणीला दिलंस. यासाठी तुझे उपकार मानू की तुझ्याशी भांडू?

मी स्टूल घेतलं, फोटो खाली काढला, काच पदराने पुसली आणि अपर्णाच्या हातात दिला. सगळं सांगितलं. टोपी, मांडी, श्रीखंडाचे हात, थर्मासमधला बर्फ, "चाची थे वो", आणि तो पदराचा बोळासुद्धा. फोटोतल्या बाईचे कान अपर्णाने अंगठ्याने चाचपले. तुझेच आहेत ते कान, बाहेर आलेले, तिचेही तसेच. मग डोळे पुसून म्हणाली, ओके आत्या, तिकडे डॉक्टर विचारतील तर एक्झॅक्टली काय सांगायचं?

मी ताठ बसले. पस्तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं, ते या दिवसासाठीच असावं. तिला म्हटलं, नीट म्हण. ती म्हणाली, "ते औषध माझ्या बाबांना सोसलं नाही. त्याच्या आधी त्यांच्या आईला सोसलं नाही."

मी म्हटलं, "परत म्हण."